लिदेची वही : म्हसवडजवळचे तीन दिवस

घोड्यावर बसायला मिळेल या एकाच आशेवर मी संक्रांतीची रजा माणदेशात घालवली. घोडे पोटभर पाहिले, बसले एकदाही नाही. आणि ज्या घोडीच्या बाळंतपणासाठी तारखा जुळवून गेले, ती मी असेपर्यंत व्यालीच नाही. परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांना हेच सांगत सुटले आणि सगळे विचारत राहिले, मग तीन दिवस केलंस काय? त्याचं हे उत्तर. थोडं लांबलंय.

दिवस ३४३ (माझा पहिला)

हा आकडा घोडीचा आहे. हौसाला गाभण राहून त्या दिवशी ३४३ दिवस झाले होते. घोडी साधारण अकरा महिने वाहते. हिशेबाला ३४० दिवस धरतात, पण दोन्हीकडे पंधरा-वीस दिवसांचा फरक सहज पडतो. हे मला आधी ठाऊक असतं तर मी रजेचा अर्ज पेन्सिलीनं लिहिला असता.

स्वारगेटहून एसटीनं फलटण, दहिवडी, म्हसवड. फलटणपर्यंत कालवा आणि ऊस सोबतीला असतात. दहिवडीच्या वाटेला लागलं की हिरवा रंग विटत जातो, आणि पुढं नुसती माळरानं, बोरी-बाभळी, मधूनच एखादी डाळिंबाची बाग. स्टँडवर दाजी जीप घेऊन आले होते. तिथून आत आठ-दहा किलोमीटरवर त्यांची वस्ती.

ताई माझी मावसबहीण. सांगलीत वाढलेली, बी.कॉम. झालेली. अकरा वर्षांपूर्वी तिला इथं दिली तेव्हा घोड्यावर बसून नवरदेव येतो, यापलीकडं तिला घोड्यांतलं काही कळत नव्हतं. आता वस्तीवर चार मारवाडी घोड्या, एक नर, दोन शिंगरं आणि म्हातारं भीमथडी तट्टू आहे. पैकी हौसा म्हणजे घरची थोरली. फौजदार म्हणजे तिचंच दोन वर्षांचं शिंगरू, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचं, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशाला पंचकल्याण म्हणतात आणि अशाचा मालक जरा मोठ्यानंच बोलतो. दाजीही त्याला अपवाद नाहीत.

जीपमधून उतरता उतरताच मी विचारलं, "मला बसायला कुठला देणार?"

"बसायला?" दाजी हसायलाच लागले. "पाव्हणीबाई, बसायला येतंय कुणाला इथं?"

मला थट्टा वाटली. पण ते खरंच होतं. तीन पिढ्या घोडे पाळणाऱ्या या घरात नीट घोडेस्वारी कुणालाच येत नाही. घोड्या व्यायच्या, शिंगरं वाढवायची, दोन-अडीच वर्षांची झाली की विकायची. पुढं चाल शिकवणारे, लग्नात नाचवणारे, शर्यतीला पळवणारे वेगळे. तात्या, म्हणजे ताईचे सासरे, म्हणाले, "गवंडी बांधतोय त्या समद्या घरात ऱ्हातोय व्हय?"

रात्री जेवायला बाजरीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी. थंडी एवढी की ताटात हात धुतला तर बोटं बधिर. जेवण झाल्यावर ताईनं बॅटरी घेतली आणि मला पागेत नेलं. हौसा कोपऱ्यात एक मागचा पाय ढिला सोडून उभी होती. ताई तिच्या पोटाला हात लावत लावत खाली बसली आणि सडांवर उजेड पाडला. कास भरलेली, तुकतुकीत. "सडाच्या टोकाला मेणासारखा थेंब जमला की एक-दोन दिवसांत व्यायची. अजून कोरडं आहे, बघ." मग बोटं मोडत म्हणाली, "व्याल्यावर एक, दोन, तीन लक्षात ठेवायचं. तासाभरात शिंगरू उभं राहायला पाहिजे, दोन तासांत त्यानं चीक ओढायला पाहिजे, तीन तासांत वार, म्हणजे जार, पडायला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर डॉक्टरला फोन."

मग तिनं खुंटीवरून एक वही काढली. लेकीच्या शाळेतली उरलेली, दोनशेपानी, कव्हरवर फुलपाखरू. आत पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, जनावर, पाणी, चंदी (म्हणजे दाणा), लीद, शेरा. मी दोनदा वाचलं. लीद. प्रत्येक जनावरानं दिवसातून किती वेळा लीद टाकली, याची नोंद. आठ, अकरा, नऊ, दहा.

"ही वही कशाला गं?"

"बाकीचं घोडं खोटं बोलतं," ताई म्हणाली. "लीद बोलत नाही."

*जाणाऱ्यांसाठी :* अशा वस्तीवर ओळखीशिवाय जाऊ नका, आणि ओळख असली तरी आधी फोन करा. व्यायला झालेली घोडी असेल तर घरच्यांना पाहुण्यांचं ओझं होतं. जानेवारीत स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच. दुपारी मात्र ऊन चटकतं. पायात बंद बूट घाला. घोड्यानं चुकून जरी चपलेवर पाय दिला, तरी तुमची सहल तिथंच संपते.

दिवस ३४४, भोगी

पाचला ताईनं उठवलं. चुलीवरच्या हंड्यात पाणी तापलेलं. ते माझ्या अंघोळीला आहे असं वाटून मी टॉवेल घेऊन गेले, तर तिनं ते घोड्यांच्या बादल्यांत ओतलं. थंडीत घोडं गार पाण्याला तोंड लावत नाही. पाणी कमी गेलं की कोरडा चारा आतड्यात घट्ट बसतो. एरवी एक घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाण्याला कोमट करायचं आणि बादली मोजायची. आधी आठ जनावरं प्याली, मग माझी अंघोळ. तीही अर्ध्या बादलीत.

उजाडायच्या आत ताई आणि आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, प्रत्येक ठाणावर जाऊन रात्रीची लीद बघतात. आक्कांना लिहिता येत नाही. त्या बघतात आणि सांगतात, ताई वहीत उतरवते. गोळा जमिनीवर पडून फुटावा, आत ओल असावी. कडक, बारीक, वर चिकट पातळ पडदा धरलेला गोळा असेल तर पोटात कोरड आहे. आक्कांनी एक गोळा उचलला, बोटांत दाबला आणि माझ्यापुढं धरला. "वास घे." मी घेतला. ओल्या गवतासारखा, थोडा आंबूस. मला वाटलं होतं तेवढा वाईट अजिबात नव्हता. तो गोळा आक्कांनी टोपलीत टाकला आणि त्याच हातानं मला चहा आणून दिला. हात धुतले असावेत असं मी मनाला समजावलं.

सहाला चंदी. रात्रभर भिजवलेले हरभरे, जव, गव्हाचा कोंडा आणि मूठभर मीठ, तोबऱ्यात भरून तोंडाला. सगळी पागा एका तालात कडाकडा चावत असते. आवाज जत्रेतल्या चुरमुऱ्याच्या गाड्यासारखा. मग खरारा, म्हणजे अंग घासून काढणं. त्यानंतर एकेक पाय उचलून खुरात अडकलेली लीद आणि खडे काढायचे. हे दाजी आणि ताईचा पुतण्या करतात. लीद उकिरड्यावर जाते, आणि कुजली की डाळिंबवाले ट्रॉलीनं घेऊन जातात. तात्या म्हणाले, २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी पडली होती, तेव्हा दोन घोड्या विकून बाकीच्या जगवल्या, आणि पुढच्या वर्षी नुसत्या खतावर चाऱ्याचा खर्च निघाला.

म्हातारं तट्टू कुणाच्याच हिशेबात नाही. त्याच्या नावापुढं वहीत नुसतं "आजोबा". भीमेच्या आणि नीरेच्या खोऱ्यातली ही बुटकी, काटक जात. मराठ्यांच्या फौजा हिच्यावर दौडल्या, आणि मागाहून ती मेंढपाळांचं बिऱ्हाड वाहायला लागली. पाठीवर पालाचं कापड, भांडी, कोंबड्यांचं खुराडं आणि त्यावर एखादं तान्हं पोर. आता कुठं सरकारदरबारी हिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. तात्यांचे वडील अशाच तट्टावर चाऱ्यामागं कोकणात जात. "मारवाडी पैसा देतंय," तात्या म्हणाले, "पर ह्याला दुष्काळात निस्तं कुसळ दाव, जगतंय."

दहा वाजता ऊन चढलं आणि स्वयंपाकघरातून तिळाचा वास यायला लागला. भोगी! वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, बोरं, उसाचे करवे, सगळं एका कढईत. वर तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आक्का आग्रह करकरून वाढत होत्या. "खा. न खाई भोगी तो सदा रोगी." मी चार भाकऱ्या खाल्ल्या. पुण्यात मी चार भाकऱ्या आठवड्यात खात नाही.

दुपारी पंढरपूरकडचे दोघे फौजदारला बघायला आले. यांचं बघणं म्हणजे तासाभराचा सोहळा. आधी लांबून चालवून, मग जवळ. ओठ वर करून दात पाहिले, सगळे दुधाचे, म्हणजे दोनचा दावा बरोबर. पट्टीनं उंची मोजली. या धंद्यात उंची इंचांत, आणि एकेका इंचावर भाव चढतो. आणि मग भोवरे. केसांचा भोवरा कुठं पडलाय हे दोघं बोटानं शोधत होते. गळ्याखालचा भोवरा, देवमण, चांगला, बाकी काही जागा वाईट. एकाला खांद्याजवळ काहीतरी दिसलं आणि त्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. बास, किंमत उतरली. एवढं धडधाकट जनावर, आणि केस कुठल्या बाजूला वळलेत यावर हजारो रुपये वरखाली! मला हे पटत नाही, आणि मी दाजींना तसं बोललेही. दाजी म्हणाले, "मला तरी कुठं पटतंय? पर घेणाऱ्याला पटतंय नव्हं." संक्रांत आणि किंक्रांत टाळून तिसऱ्या दिवशी परत येतो, असं सांगून ते गेले.

या सगळ्या वेळात ताई पलीकडं हौसाच्या पायाशी बसलेली. पाहुण्यांनी तिला काही विचारलं नाही. फौजदारच्या जन्मापासूनची वही ज्या खुंटीला होती, तिच्याच खाली दोघांनी पाठ टेकून चहा घेतला.

आता माझा पराक्रम. संध्याकाळी सगळे शेतात हुरडा भाजायला गेले होते. मी मागं राहिले, पोट जड म्हणून. फौजदार कुंपणावरून मान काढून माझ्याकडं बघत होता. टोपलीत दुपारच्या चार-पाच भाकऱ्या उरल्या होत्या. मला वाटलं, सणाचा दिवस, त्यानंही भोगी खावी. तळहात सपाट धरून तुकडे भरवले. त्याचे ओठ मखमली, उबदार, हनुवटीवरचे राठ केस तळव्याला गुदगुल्या करणारे. तीळ तर त्यानं बोटांच्या बेचक्यांतून वेचून घेतले. सगळ्या भाकऱ्या संपल्या. आणि मी कुणालाच काही बोलले नाही.

रात्री साडेदहाला ताई हौसाला बघायला गेली आणि तिथूनच हाक आली. हौसा ठीक होती. फौजदार पुढच्या पायानं जमीन उकरत होता आणि वळून वळून आपल्याच कुशीकडं बघत होता. मग तो बसला, आडवा झाला आणि लोळायला लागला. दाजींनी दावं ओढून त्याला उठवलं. ताई वहीकडं धावली. दुपारी तीननंतर लिदेचा रकाना रिकामा.

"काय खाल्लंय यानं?"

मी सांगितलं. कुणी रागावलं नाही, त्यामुळं जास्तच लाज वाटली. आक्का एवढंच म्हणाल्या, "भोगी खाऊन रोगी झालं म्हणायचं."

घोड्याला ओकता येत नाही. मला हे तिथं, त्या थंडीत कळलं. केवढं थोरलं अंग, पण पोट लहान, आणि त्यात गेलेलं मागं फिरत नाही. ताईनं त्याच्या जबड्याच्या कडेखाली दोन बोटं टेकवली आणि मोबाईलच्या घड्याळाकडं बघत पंधरा सेकंद मोजले. चौदा ठोके. म्हणजे मिनिटाला छप्पन्न, शांत घोड्याला चाळीसच्या आत-बाहेर हवेत. मग तिनं त्याच्या कुशीला कान लावला. मलाही लावायला लावला. डावीकडं पोटात खोल कुठंतरी विहिरीत बादली आपटावी तसा एक आवाज, बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक. उजवीकडं काहीच नाही. नुसती कातडीची ऊब आणि घामाचा वास.

डॉक्टर मोटरसायकलवरून बाराला पोचले. सुई दिली, कोपरापर्यंत हातमोजा घालून मागून तपासलं, मग नाकातून नळी घातली. नळी श्वासनलिकेत न जाता पोटात गेली याची खात्री व्हावी म्हणून तिचं टोक नाकाशी धरून वास घेतला. आंबलेल्या चंदीचा वास आला तेव्हा नरसाळ्यानं पातळ पॅराफिन सोडलं. मी भाकऱ्यांची कबुली पुन्हा दिली. ते म्हणाले, नुसत्या भाकरीनं झालेलं नाही, पाहुण्यांच्या गडबडीत याची दुपारची बादली चुकलेली दिसते. ताईनं वही उघडली. पाण्याच्या रकान्यात खरंच एक रेघ कमी होती. भाकरीनं त्यावर बूच बसवलं, एवढंच. दाजी काही बोलले नाहीत.

डॉक्टर गेले. मग फिरवणं. पाव तास चालवायचं, पाव तास उभं करायचं, लोळू द्यायचं नाही. अंगणात चांदणं नव्हतं, बॅटरीचा एक गोल आणि त्यात चार पांढरे पाय. आळीपाळीनं दावं धरलं. दोन ते अडीच माझी पाळी. त्या तीन दिवसांत मी घोड्याच्या जास्तीत जास्त जवळ गेले ती याच अर्ध्या तासात. तो थकून माझ्या खांद्यावर मान टाकायचा आणि मी, गुन्हेगार, त्याला "चल बाळा, चल राजा" करत ओढत न्यायचे.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फौजदारनं शेपूट उचललं.

तसलं ओरडणं मी क्रिकेटच्या मॅचला ऐकलंय. पुतण्यानं शिट्टी मारली, तात्या घोंगडीतून उठून बाहेर आले, आक्कांनी बॅटरी घेऊन वाकून पाहिलं आणि "आलं गं बाई, आलं!" म्हणून गळ्यातल्या सिद्धनाथाच्या टाकाला हात लावला. पाच-सहा गोळे, छोटे, कडक, पॅराफिननं चकाकणारे. ताईनं वही मागितली. हात गारठलेले, म्हणून अक्षर वाकडं आलंय. "३.४० – १."

*आणखी थोडं जाणाऱ्यांसाठी :* घोड्याला मागून जवळ जाऊ नये, बोलत बोलत खांद्याच्या बाजूनं जावं. व्यायला झालेल्या घोडीचे फ्लॅश मारून फोटो काढू नयेत. आणि मालकाला विचारल्याशिवाय काहीही भरवू नये. भाकरी नाही, गूळ नाही, प्रसादसुद्धा नाही. हे मी किती कळकळीनं लिहितेय ते आता कळलं असेल.

दिवस ३४५, संक्रांत

सगळ्यांचे डोळे सुजलेले. ताईनं काळी साडी नेसून सुगडं पुजली आणि वाण द्यायला शेजारच्या वस्तीवर गेली, तेवढ्या वेळापुरती वही माझ्याकडं. जबाबदारी म्हणाल तर जबाबदारी, शिक्षा म्हणाल तर शिक्षा. दोन तासांत मी तीन नोंदी केल्या. फौजदारला डॉक्टरांनी सकाळी फक्त कोमट पाणी सांगितलं होतं, तो रिकाम्या तोबऱ्याकडं बघून फुरफुरत होता आणि माझ्याकडं असा बघत होता जणू टोपली मीच लपवलीय.

हौसाच्या सडांवर काही नाही. आक्कांचं म्हणणं, "माणसं टपून बसल्यात म्हणून थांबलीया ती. आपुन निजल्याबिगर व्हायची न्हाई." हे नुसतं म्हातारीचं बोलणं नाही. आदल्या रात्री डॉक्टरही म्हणाले होते की घोड्या बहुतेक रात्री व्यातात आणि गडबड असली की काही काळ थोपवून धरतात. आदल्या रात्री पागेत जी जत्रा भरली होती, ती पाहता हौसाला दोष देता येत नाही.

दुपारी निघाले. आक्कांनी तिळाच्या वड्या आणि हुरड्याची पिशवी दिली. म्हसवडात सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. मार्गशीर्ष प्रतिपदेला इथं रथ निघतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी मात्र गाभाऱ्यापर्यंत निवांत जाता आलं. स्वतःची गाडी असेल तर दहिवडीच्या वाटेवर गोंदवल्याला थांबा, दुपारी महाराजांच्या मठात प्रसाद मिळतो, साधा आणि गरम. वेळ असेल तर शिखर शिंगणापूरही करा. मी दोन्ही ठिकाणं खिडकीतून हात जोडून भागवली, कारण फलटणपर्यंत झोपच लागली.

घोडे बघायचेच असतील तर वस्तीवर न जाता बाजाराला जावं, असं दाजींनी सुचवलं. दत्तजयंतीला नंदुरबारकडं सारंगखेडा, नांदेडकडं माळेगावची खंडोबाची यात्रा, आणि आपल्या बाजूला दिवाळीच्या सुमारास अकलूज. तिथं चाल बघायला मिळते आणि कुणाचं पोट बिघडवायची संधी कमी. हे शेवटचं वाक्य त्यांचंच.

पुण्यात आल्यावर रोज सकाळी ताईला एकच मेसेज करायचे : "आली का?" रोज उत्तर : "नाही." पंढरपूरकर येऊन गेले, भोवऱ्यावरून आणखी पाच हजार पाडून मागत होते म्हणून दाजींनी चहा पाजून वाटेला लावले, हे मधे कळलं. सातव्या दिवशी उत्तराऐवजी वहीच्या पानाचा फोटो आला. हात या वेळी गारठलेले नसावेत, अक्षर सरळ होतं.

"हौसा – ३५१ – पहाटे २.१५ – शिंगरी. उभी : ४० मि. प्याली : १ ता. २५ मि. वार : २ ता. सगळे झोपलेले."

आणि खालच्या ओळीत, रोजच्यासारखंच : "फौजदार – पाणी ५ बा. – लीद ९."